तिसरी खोबण

हुजैफा परकारचा पॅच आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.
सोहारच्या बाहेर, समुद्र गोड करायच्या आमच्या कारखान्यात
या वेळी कंट्रोल रूमच्या काचेला बाहेरून घाम फुटतो
आणि आतले आम्ही स्वेटर घालून बसतो.

चारशे बारा ओळी. माथ्यावर एक वाक्य:
पंप न थांबवता कार्ड काढता-घालता यावं.
पोरगा खेडचा. हातानं कसं लिहितो ठाऊक नाही,
कोड मात्र वळणदार.

घालायचा भाग मी भराभर वाचला.
येणाऱ्याची आवभगत सगळ्यांनाच लिहिता येते:
कोण तू, कुठल्या कंपनीचा, मेमरी किती लागेल,
ही तुझी इंटरप्टची ओळ, बस.

अडलो ते काढायच्या भागात.
त्यानं आधी मेमरी सोडली होती, मग टाइमर थांबवला होता.
मधल्या एवढ्याशा फटीत
टाइमर उठणार, सवयीनं जुन्या पत्त्यावर जाणार,
दार ढकलणार,
आणि आत दुसऱ्याच कुणाचा संसार.

मी लिहिलं: क्रम उलटा कर.
आधी नवं काम घेणं बंद. मग हातातलं संपू दे.
मग टाइमरला थांब म्हण,
आणि त्यानं ऐकलं का, ते उभा राहून बघ.
घर सगळ्यात शेवटी मोड.

त्याचं उत्तर आलं, अदबीनंच:
"सर, आणि कुणी न सांगता ओढलं तर?"

रात्रपाळीला आम्ही रॅकपाशी गेलो.
मुराद बलोचनं वहीत वेळ टिपली, अकरा सतरा,
आणि मी कार्ड ओढलं. न सांगता.
पडदा गोठला.

नसलेल्या कार्डाला काहीही विचारा,
उत्तर येतं: सगळे एक.
दाब किती? सगळे एक.
खारटपणा? सगळे एक.
शून्य आलं असतं तर निदान शंका आली असती.
काम चालू आहे का, हे सांगणारा एकुलता बिट,
तोही एक. म्हणजे हो, चालू आहे.
ड्रायव्हर बिचारा फिरत राहतो त्याच तीन ओळींत,
आता संपेल,
आता संपेल.

मला रेजी आठवला.
मे महिन्यातल्या एका गुरुवारी
माझ्या डब्यातलं लोणचं बोटानं उचललं त्यानं,
रविवारी गेटनं त्याचं कार्ड ओळखलं नाही.
पाळीच्या फळ्यावर नाव अजून आहे.
त्याच्या इथल्या नंबरावर मी जूनभर फोन लावायचो.
रिंग जायची.
रिंग जाते म्हणजे माणूस आहे
असं धरून चाललो होतो मी,
मी, जो दुसऱ्यांचे असले लूप पकडायचा पगार घेतो.

"किती थांबायचं, सर?"
डेटाशीटमध्ये काही दिलेलं नव्हतं.
"दोनशे मिलिसेकंद," मी म्हणालो. "पुढे धर, की गेलं."
"आणि ते नुसतं सावकाश असेल तर?"
मुरादनं थर्मास उघडला, तीन कप भरले.
चहात वेलची जास्त होती.
आम्ही दोनशेचे पाचशे केले.

पाचवी आवृत्ती पहाटे चारला लावली.
पुन्हा ओढलं.
ड्रायव्हर पाचशे थांबला, लॉगमध्ये एक ओळ टाकली,
आपलं आवरलं, बाजूला झाला.
पंपाला पत्ता नाही.
पलीकडे काळोखात समुद्र येत राहिला, गोड होत राहिला.

कार्ड परत घातलं तर दिवा पिवळाच.
हिरवा होईना.
हुजैफा पुन्हा कोडात शिरला, ओळ तीनशे चाळीस, तीनशे एक्केचाळीस,
मी टॉर्च घेऊन वाकलो.

खोबणीच्या कडेला मळकी चिकटपट्टी,
तिच्यावर निळ्या पेनानं, रेजीच्या तिरक्या अक्षरात:
तिसरी सैल आहे. अंगठ्यानं दाबा.

मी दाबली.